वाचकांचे प्रश्न : मिरचीत द्विदल आंतरपीक

मिरचीच्या लागवडीत चवळी, घेवडा, मूग यांसारखी द्विदल पिके घ्यावीत की नाहीत, असे विचारणारी पत्रे खरिपाच्या तोंडावर बरीच आली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून, थोडे संक्षिप्त रूप देऊन, येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : जूनअखेर चार फूट अंतरावरील गादीवाफ्यांवर, ठिबक आणि मल्चिंग पेपर वापरून मी एक एकर मिरची लावणार आहे. दोन वाफ्यांमधील मोकळ्या सरीत चवळी टोकण्याचा विचार आहे. चवळी हवेतील नत्र जमिनीत आणते, तेव्हा मिरचीचा युरिया निम्मा करावा, असा सल्ला मला मिळाला. तो मानावा का?
— एक वाचक, ता. शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : चवळी जरूर घ्यावी, परंतु युरिया निम्मा करू नये. हा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो आणि ऐकायला बराही वाटतो. मात्र हिशेब मांडून पाहिला की त्यातील उणीव लक्षात येते. बागायती मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे, म्हणजे एकरी साधारण ४० किलो नत्र झाले. ते निम्मे करायचे तर २० किलो नत्र कमी करायचे, अर्थात युरियाची ४५ किलोची जवळजवळ एक गोणी. आता चवळीकडे पाहू. एकट्या चवळीच्या शेतात दीड फुटावर ओळी असतील तर एका एकरात सुमारे ९,००० मीटर लांबीच्या ओळी बसतात. आपल्या मांडणीत एक सरी सोडून एक अशी चवळी घेतली, तर ओळींची एकूण लांबी सुमारे १,६५० मीटर भरते, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. समजा, एकट्या चवळीने एकरी २४ किलो नत्र स्थिर केले. तरी आपल्या शेतात त्यातून चार-साडेचार किलोच येणार. त्यातलाही मोठा वाटा तोडलेल्या हिरव्या शेंगांबरोबर बाजारात जातो. उरलेले नत्र मुळांत, मुळांवरील जिवाणूंच्या गाठींत आणि पाल्यात अडकलेले असते आणि ते कुजल्यानंतरच दुसऱ्या पिकाच्या हाती लागते. चवळी उभी असताना शेजारच्या मिरचीला तिच्याकडून मिळणारे नत्र अगदी थोडे असते. चवळीने दिलेल्या नत्राचा खरा लाभ मिरचीच्या शेवटच्या तोड्यांना किंवा त्यानंतरच्या पिकाला होतो.

मग चवळी कशासाठी घ्यायची? मिरची पहिले दीड-दोन महिने फार सावकाश वाढते. पुनर्लागवडीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी ती फुलावर येते आणि हिरव्या मिरचीचा पहिला तोडा साधारण दोन-अडीच महिन्यांनी मिळतो. तोवर दोन वाफ्यांमधील जमीन उघडी राहते, तेथे तण माजते, पावसाच्या माऱ्याने माती वाहते आणि शेतातून एक पैसाही येत नाही, उलट खर्च मात्र चालू असतो. हा मधला काळ चवळीने भरून निघतो. झुडूप वाढीची चवळी पंचेचाळीस दिवसांच्या आसपास शेंगांवर येते आणि दोन-सव्वादोन महिन्यांत तिचे काम आटोपते. दोन्ही पिकांचे वेळापत्रक एकमेकांत बसते, म्हणूनच ही जोडी चालते. वेळापत्रक चुकले तर मिरचीचे नुकसान होते. त्यामुळे चवळी मिरचीच्या पुनर्लागवडीच्या दिवशीच टोकावी किंवा आठवडाभर आधी टोकावी. लागवडीनंतर तीन आठवड्यांनी टोकलेली चवळी ऐन मिरची फुलावर असताना डोक्यावर येते, मिरचीवर सावली पडते आणि फुलगळ होते.

वाण निवडताना वेल धावणारी चवळी कटाक्षाने टाळावी. दापोलीच्या विद्यापीठाचा कोकण सदाबहार हा बुटका वाण अशा लागवडीला सोयीचा आहे. वेलीची चवळी मिरचीच्या फांद्यांना विळखा घालते आणि ती सोडवताना मिरचीच्या फांद्या मोडतात. प्रत्येक सरीत चवळी घेऊ नये; एक सरी चवळीची ठेवावी आणि पुढची सरी फवारणीसाठी व तोडणीसाठी मोकळी ठेवावी. दोन बियांची एक टोकण, दोन टोकणींमध्ये वीतभर अंतर आणि उगवणीनंतर विरळणी, अशा पद्धतीने एकरी दोन-अडीच किलो बियाणे पुरते. बियाण्याला आधी बुरशीनाशक आणि नंतर चवळी गटाचे रायझोबियम जिवाणू संवर्धक १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात चोळून, सावलीत सुकवून, लगेच टोकण करावी. ठिबकचे पाणी वाफ्यावरच पडत असल्याने पावसाचा खंड पडल्यास सरीतील चवळी कोरडी पडते, हेही लक्षात ठेवावे; अशा वेळी सरीला एखादे हलके पाणी द्यावे लागते. उलट भारी काळ्या जमिनीत सततच्या पावसाने सरीत पाणी तुंबत असेल, तर तेथे चवळी निचऱ्याला अडथळा करते आणि वाफसा लवकर येत नाही. आपली जमीन अशी असेल तर सरीच्या तळाऐवजी वाफ्याच्या उतारावर टोकण करावी.

शेवटचा तोडा झाला की चवळी उपटू नये, जमिनीलगत विळ्याने कापावी. उपटताना मिरचीची पांढरी मुळे तुटतात, शिवाय गाठींसह मुळे जमिनीतच राहिली पाहिजेत. कापलेला पाला मावा नसल्यास सरीतच पसरावा. गाठी काम करतात की नाही, हे पाहायचे असेल तर फुलोऱ्याच्या सुमारास एखादे झाड कुदळीने मातीसकट काढून, मुळे पाण्यात हलकेच धुऊन, एक गाठ नखाने फोडावी. आतून ती लालसर गुलाबी असेल तर जिवाणू काम करत आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर त्या गाठीचा उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या भागात घेवडा पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो. मिरचीत श्रावण घेवडा घ्यावा की वाघ्या? मागील वर्षी घेवड्याच्या मुळांवर गाठी जवळजवळ दिसल्याच नाहीत.
— एक वाचक, ता. कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : गाठी न दिसणे हे आपल्याकडे घेवड्याच्या बाबतीत नवलाचे नाही. घेवडा हा द्विदल पिकांमधील नत्र स्थिर करण्यात मागे पडणारा गडी आहे. त्याला लागणारे जिवाणू चवळी-मुगाच्या जिवाणूंपेक्षा वेगळे असतात आणि बहुतेक जमिनींत ते पुरेसे नसतात. म्हणूनच घेवड्याला नत्राची शिफारसही इतर कडधान्यांहून जास्त असते. चवळीचे संवर्धक घेवड्याला चोळून काही साधत नाही. पाकिटावर घेवड्याचे नाव असलेलेच संवर्धक घ्यावे. मिरचीत घेवडा घ्यायचा तर तो जमिनीला नत्र देईल म्हणून घेऊ नये, लवकर पैसा देईल म्हणून घ्यावा, आणि त्याच्या वाट्याचे खत त्याला स्वतंत्र द्यावे.

वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्याला बाजारही चांगला आहे, परंतु तो वाळलेल्या दाण्यासाठी घेतला जात असल्याने शेंगा वाळेपर्यंत शेतात उभा ठेवावा लागतो. मिरचीला तेवढा काळ दुसऱ्या पिकाचा सहवास परवडत नाही. हिरव्या शेंगांचा बुटका श्रावण घेवडा दोन महिन्यांच्या आत मोकळा होतो, तेव्हा मिरचीत तो घ्यावा आणि वाघ्याला त्याचे स्वतंत्र शेत द्यावे.

प्रश्न : दोन वर्षे मिरचीवर चुरडा-मुरडा फार येत आहे. मूग किंवा उडीद आंतरपीक घेतल्याने तो कमी होतो, असे काही जण म्हणतात. उलट वाढतो, असेही ऐकले. खरे काय?
— एक वाचक, ता. चिखली, जि. बुलढाणा

उत्तर : चुरडा-मुरडा हे एकच नाव आपण तीन-चार निरनिराळ्या दुखण्यांना देतो आणि सगळा गोंधळ तेथून सुरू होतो. पाने कडेने वर वळून होडीसारखी दिसत असतील आणि त्यांच्या मागील बाजूस चंदेरी किंवा तपकिरी चट्टे असतील, तर ते फुलकिड्यांचे काम आहे. पाने खाली वळून, देठ लांबट होऊन, शेंडा आक्रसला असेल तर बहुधा कोळी ही सूक्ष्म कीड आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी भिंग लागते. पाने बारीक, जाडसर, सुरकुतलेली होऊन शेंड्याला गुच्छ झाला आणि झाड खुजेच राहिले, तर पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू समजावा. याशिवाय माव्यामार्फत येणारे मोझॅक विषाणू आहेतच. आपल्या शेतात यांपैकी काय आहे हे ओळखल्याशिवाय आंतरपिकाबद्दल हो किंवा नाही म्हणता येणार नाही.

पांढऱ्या माशीचा उपद्रव असेल तर मूग आणि उडीद टाळावेत. मुगावर दिसणारा पिवळा मोझॅक विषाणू मिरचीवर जात नाही. मिरचीचा पर्णगुच्छाचा विषाणू वेगळा आहे. तथापि पांढरी माशी दोन्ही पिकांवर पोसली जाते, मुगावर तिची संख्या वाढते आणि मूग काढला की ती सगळी शेजारच्या मिरचीवर उतरते. त्या वेळी मिरची फुला-फळांवर असते, म्हणजे अगदी नको त्या वेळी.

माव्याचे गणित थोडे वेगळे आहे. चवळीवर काळा मावा हमखास येतो. त्याला खायला ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या येतात, क्रायसोपा येतो आणि हे मित्रकीटक नंतर मिरचीवरही फिरतात. ही चवळीची जमेची बाजू आहे. पण पंख फुटलेला मावा विषाणूबाधित झाडाला सोंड लावून उठला आणि निरोगी झाडावर बसला की काही क्षणांत विषाणू पोहोचवतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. त्यामुळे चवळीचे शेंडे आठवड्यातून एकदा तरी पाहावेत. माव्याने काळे पडलेले शेंडे आणि शेंगा खुडून पिशवीत भराव्यात आणि शेताबाहेर नष्ट कराव्यात. ढालकिड्यांच्या करड्या, पाठीवर नारिंगी ठिपके असलेल्या लांबट अळ्यांना अनेक जण किडीच समजून मारतात. त्यांना हात लावू नये.

फुलकिड्यांबाबत आता पूर्वीसारखे बेफिकीर राहता येत नाही. काळसर रंगाचा एक नवा फुलकिडा भारतात २०१५ मध्ये पपईवर प्रथम नोंदला गेला आणि २०२१ च्या हंगामात त्याने आंध्र प्रदेश आणि तेलंगणात मिरचीचे मोठे नुकसान केले. तो मुख्यतः फुलांमध्ये राहतो आणि घेवड्यावरही जगू शकतो. फुलकिड्यांचा त्रास असलेल्या शेतात घेवडा घेऊ नये.

चुरडा-मुरडा खरोखर कमी करायचा असेल तर द्विदल आंतरपिकापेक्षा शेताच्या चारही बाजूंना मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळींचा अधिक उपयोग होतो. रोपवाटिकेत मिरचीचे बी टाकले की त्याच सुमारास शेताच्या कडेने मका पेरावा, म्हणजे लागवडीच्या वेळी तो गुडघ्याच्या वर गेलेला असतो. बाहेरून उडत येणारा मावा आधी मक्यावर बसतो आणि तेथे सोंड खुपसताना तिच्यावरील मोझॅकचा विषाणू तेथेच झडतो. रोपे मात्र ४० मेशच्या नायलॉन जाळीखालीच वाढवावीत. रोपवाटिकेतच विषाणू लागलेल्या रोपाला पुढे कोणताही उपाय चालत नाही.

प्रश्न : मिरचीवर फुलकिड्यांसाठी फवारणी करावीच लागते आणि चवळीच्या शेंगा दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोडाव्या लागतात. फवारलेल्या शेंगा विकणे बरोबर आहे का?
— एक वाचक, ता. पुरंदर, जि. पुणे

उत्तर : बरोबर नाही. आंतरपिकाच्या या बाजूकडे कृषी प्रदर्शनांत आणि चर्चासत्रांत कुणी फारसे लक्ष देत नाही, म्हणून आपण प्रश्न विचारलात हे चांगले झाले. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर ते कोणत्या पिकावर वापरायचे आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हे छापलेले असते. ते औषध मिरचीसाठी मंजूर असले म्हणजे चवळीसाठीही मंजूर असते असे नाही, आणि पाठीवरच्या पंपाचा फवारा शेजारच्या सरीत पडणारच. थांबण्याचा काळ सात दिवसांचा असेल, तर तोवर चवळीच्या शेंगा निबर होऊन भाजीच्या कामाच्या राहत नाहीत.

यावर दोन व्यवहार्य मार्ग आहेत. पहिला असा की, चवळीच्या तोड्यांच्या तीन आठवड्यांत मिरचीवर रासायनिक फवारणी टाळावी आणि पाच टक्के निंबोळी अर्क व निळे-पिवळे चिकट सापळे यांवर भागवावे. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडलीच, तर फवारणी करून त्या काळातील शेंगा बाजारात न नेता सोडून द्याव्यात. त्या वाळवून पुढच्या वर्षी बियाणे म्हणून वापरता येतील. दुसरा मार्ग म्हणजे शेंगांचा मोहच न धरता चवळी फुलावर येताच जमिनीलगत कापून सरीत आच्छादन करणे. त्यात रोख पैसा मिळत नाही, परंतु नत्राचा जो वाटा शेंगांबरोबर जातो तो शेतातच राहतो आणि खुरपणीची मजुरीही वाचते. मजूर मिळण्याची अडचण असलेल्यांना मी यांतील हा दुसरा मार्ग सुचवीन.

प्रश्न : भात काढल्यावर त्याच शेतात आम्ही हरमलची मिरची लावतो. तिच्या ओळींमध्ये अळसांदे पेरले तर चालतील का?
— एक वाचक, पेडणे, गोवा

उत्तर : अळसांदे म्हणजे चवळीच, पण ती वेल धावणारी आणि वाळलेल्या दाण्यासाठी घेतली जाणारी. दोन्ही गुण मिरचीच्या ओळीत घेण्याच्या आड येतात. शिवाय पाण्याची गरज जुळत नाही. भातानंतरच्या ओलीवर अळसांदे बऱ्याच अंशी निभावून नेतात आणि त्यांना वरचेवर पाणी मिळाले तर पालाच माजतो, शेंगा कमी लागतात. मिरचीला मात्र नियमित पाणी लागते. ओळीआड ओळ न करता पट्टे करावेत: मिरचीच्या चार ते सहा ओळींचा एक पट्टा, त्याच्या शेजारी अळसांद्यांचा एक पट्टा, मध्ये पाटाची जागा. पुढल्या वर्षी पट्ट्यांची अदलाबदल करावी, म्हणजे अळसांद्यांच्या मुळांचा लाभ मिरचीला थेट मिळतो आणि मिरचीवर मिरची येत नाही. मिरचीतच द्विदल हवे असेल तर बुटकी चवळी घ्यावी.

प्रश्न : टोमॅटोनंतर मिरची घेणार आहे. टोमॅटोच्या मुळांवर खूप गाठी होत्या. जमीन सुधारावी म्हणून मिरचीत चवळी घेऊ का?
— एक वाचक, ता. निफाड, जि. नाशिक

उत्तर : घेऊ नका. टोमॅटो हे चवळी-घेवड्यासारखे शेंगवर्गीय पीक नाही, त्यामुळे त्याच्या मुळांवरील गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या असणार. जिवाणूंची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि बोटाने सहज सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेले असते, ती सुटत नाही. भाजीपाल्यावरील या सूत्रकृमींना मिरची, चवळी आणि घेवडा तिन्ही खाद्य म्हणून चालतात, तेव्हा चवळी घेऊन त्यांची संख्या वाढेल. टोमॅटोनंतर लगेच मिरची घेण्याचा बेतच मुळात बदलावा. दोन्ही एकाच कुळातील आहेत. एक हंगाम झेंडू किंवा ज्वारी-मका घेऊन मगच मिरचीकडे वळावे. भुईमूगावर भाजीपाल्यातील नेहमीचा सूत्रकृमी सहसा वाढत नाही हे खरे, परंतु मिरची आणि भुईमूग दोघांनाही खोडाशी पांढरी बुरशी येऊन मर होते, म्हणून तो मिरचीच्या आगेमागे घेण्याचा आग्रह मी धरणार नाही.

प्रश्न : आंतरपीक परवडले की नाही, हे नेमके कसे ठरवावे?
— एक वाचक, ता. मोहोळ, जि. सोलापूर

उत्तर : संशोधक त्यासाठी एक गुणोत्तर काढतात: आंतरपिकात मिळालेले उत्पादन भागिले त्याच पिकाचे एकट्याचे उत्पादन, असे दोन्ही पिकांचे काढून बेरीज करायची, ती एकाहून जास्त आली तर जमिनीचा वापर चांगला झाला. समजा, एकट्या मिरचीचे एकरी ८० क्विंटल मिळते आणि चवळीसह ७२ मिळाले, तर ०.९ झाले. एकट्या चवळीच्या शेंगा २० क्विंटल आणि आंतरपिकात ५ मिळाल्या, तर ०.२५. बेरीज १.१५. कागदावर हे यश आहे. पण दोन्हींचा भाव क्विंटलला ३,००० रुपये धरला, तर मिरचीत २४,००० रुपये गेले आणि चवळीतून १५,००० आले, त्यातूनही शेंगा तोडण्याची मजुरी वजा करायची राहिली. हे आकडे समजुतीपुरते आहेत, मात्र त्यांतून दिसणारी गोष्ट खरी आहे: मुख्य पिकाचे एकरी उत्पन्न मोठे असेल तेव्हा त्यात आलेली थोडी घटही आंतरपिकाचा नफा खाऊन टाकते. म्हणून शेताच्या एका टोकाला पाच-सहा वाफे चवळीविना ठेवावेत, दोन्हीकडच्या मिरचीच्या तोड्यांचे वजन वेगवेगळे लिहावे आणि मजुरीही वेगळी मांडावी. एका हंगामात उत्तर मिळते, आणि ते आपल्या जमिनीचे असते.

प्रश्न : सोयाबीनला वापरतो तेच तणनाशक मिरची-चवळीत चालेल का?
— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

उत्तर : सोयाबीनमध्ये उगवणीनंतर फवारले जाणारे इमॅझेथापायर मिरचीवर अजिबात फवारू नये, मिरचीची वाढ खुंटते, कोवळी पाने पिवळी पडतात. मिरची आणि द्विदल एकत्र असताना उगवणीनंतर दोन्हींना सुरक्षित असे तणनाशक शोधत बसण्यापेक्षा तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात खुरपणी करणे शहाणपणाचे आहे. इमॅझेथापायरचा अंश जमिनीत बराच काळ राहतो, विशेषतः पाऊस कमी झालेल्या वर्षी. गेल्या खरिपात ते फवारलेल्या शेतात मिरची लावायची असल्यास तेथील वरच्या वीतभर थरातील माती दोन कुंड्यांत आणि न फवारलेल्या शेतातील माती दोन कुंड्यांत भरून, प्रत्येकीत मिरचीची चार-पाच रोपे लावून तीन आठवडे पाहावे. पहिल्या कुंड्यांतील रोपांचे शेंडे पिवळे किंवा आखूड राहिले, तर यंदा मिरचीसाठी दुसरे शेत निवडावे.